जुनं पूल टेबल घेताना : आधी खोली मोजा, मग दगड पाहा

शिरसाड फाट्याला महामार्ग सोडून वज्रेश्वरीच्या रस्त्याला लागलं की मांडवीजवळ आमचं चांदीप. गावात मोठ्या ओटीची जुनी घरं आहेत, अलीकडचे बंगले आहेत, मुंबईकरांची शेतघरं आहेत. इथे मुंबईसारखी जागेची ओढाताण नाही, त्यामुळेच असेल, पण ‘जुनं पूल टेबल स्वस्तात मिळतंय, घेऊन टाकू का?’ असं वर्षातून तीन-चारदा तरी मला कुणी ना कुणी विचारतं. विचारणारा मोबाइलवर फोटो दाखवतो. त्यात निळं किंवा हिरवं कापड, पॉलिश केलेलं लाकूड, वर त्रिकोणात मांडलेले रंगीत चेंडू. भाव नव्याच्या निम्म्याहून कमी. माणूस आधीच अर्धा तयार झालेला असतो.

मी आतापर्यंत चार टेबलं खोलली, वाहून आणली आणि पुन्हा उभी केली. पहिलं आमचं स्वतःचं. ते आणताना एक चूक झाली, ती पुढे सांगतोच. पण त्या चार टेबलांतून मला जे कळलं ते आधी सांगून टाकतो. टेबल म्हणजे त्याच्या पोटातला दगड. कापड बदलता येतं, रबर बदलता येतं, सुताराकडून पायसुद्धा नवे करून घेता येतात. दगड चांगला असेल तर टेबल घ्यावं, दगड गेलेला असेल तर उरलेलं सगळं सरपण.

खोलीचा हिशेब

टेबल आठ फुटी आणि खोली बारा बाय बारा, म्हणजे चारी बाजूंनी फिरायला जागा राहते, असा हिशेब बहुतेक जण करतात आणि तिथेच फसतात. टेबलाभोवती माणसाला फिरता आलं म्हणजे झालं, असं नसतं. क्यू मागे ओढायला जागा लागते. क्यूची लांबी साधारण ५८ इंच. कुशनला चिकटलेला चेंडू मारायचा तर जवळजवळ ती सगळी काठी टेबलाच्या बाहेर असते. म्हणून खेळण्याच्या जागेची लांबी घ्यायची आणि तिच्यात दोन्ही बाजूंचे मिळून ११६ इंच मिळवायचे, रुंदीचंही तसंच. आठ फुटी टेबलाची खेळण्याची जागा ८८ बाय ४४ इंच असते. म्हणजे खोली १७ फूट लांब आणि साडेतेरा फूट रुंद हवी. सात फुटी टेबलाला (७८ बाय ३९ इंच) सव्वासोळा बाय तेरा फूट, आणि नऊ फुटीला (१०० बाय ५० इंच) १८ बाय १४ फूट. एखाद्या बाजूला भिंत जवळ येत असेल तर ४८ इंची आखूड क्यू मिळतो, त्यावर भागवता येतं. दोन बाजूंना तसं होत असेल तर मात्र टेबल एक नंबर लहान घ्या. दर तिसऱ्या फटक्याला भिंत आडवी आली की सहा महिन्यांत टेबलावर कपड्यांच्या घड्या पडतात, हे मी एका घरी पाहिलं आहे.

खोलीत मधे खांब असेल, कपाटाचं दार उघडत असेल, जिना उतरत असेल तर तेही मोजा. खडूने जमिनीवर टेबलाची चौकट आखा, ५८ इंचांची काठी घ्या आणि चारी बाजूंनी वाकून पाहा. दहा मिनिटांचं काम आहे.

मग वजन. स्लेटच्या दगडाचा एक चौरस फूट, एक इंच जाडीचा, साधारण साडेसहा किलो भरतो. आठ फुटी टेबलात तसा जवळजवळ ३९ चौरस फूट दगड असतो. म्हणजे नुसता दगडच अडीचशे किलोंचा झाला. लाकडाची फ्रेम, पाय, कुशन धरून टेबल चारशे किलोंच्या घरात जातं. तळमजल्यावर कोबा किंवा घट्ट बसलेली शहाबादी फरशी असेल तर काळजी नको. फरशीखाली पोकळी असेल तर मात्र पायाखालची फरशी तडकते, कारण प्रत्येक पायावर शंभर किलो उभे असतात. ग्रॅनाइटचे सहा इंची चौकोनी तुकडे पायाखाली दिले की भार पसरतो. ओट्याच्या कामातून उरलेले असे तुकडे ग्रॅनाइटवाले सहज देतात. सारवलेल्या जमिनीवर टेबल ठेवू नका. पाय एकसारखे रुतत नाहीत, आणि लेव्हल आज काढली तर पंधरवड्यात जाते.

वरच्या मजल्याचं काय? भारतीय मानक ८७५ प्रमाणे राहत्या घराच्या स्लॅबला दर चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे दोनशे किलो, इतका वापराचा भार धरलेला असतो. आठ फुटी टेबल साडेतीन चौरस मीटर जागेवर चारशे किलो देतं, म्हणजे दर चौरस मीटरला एकशे दहा-वीस. नीट बांधलेल्या आरसीसी स्लॅबला ते झेपतं. जुन्या घराच्या लाकडी माळ्यावर किंवा गळती लागून सळया उघड्या पडलेल्या स्लॅबवर ते चढवू नका, अगदी कोपऱ्यातही नको.

क्लबातलं बारा फुटी टेबल आलं तर

कधीकधी एखाद्या क्लबातून किंवा जुन्या जिमखान्यातून बिलियर्ड्स-स्नूकरचं बारा फुटी टेबल विकायला निघतं आणि ‘एवढं मोठं, एवढ्या स्वस्तात’ म्हणून लोक हुरळतात. या टेबलांशी आपलं नातं जुनं आहे. स्नूकर हा खेळच १८७५ साली जबलपूरच्या लष्करी छावणीत जन्माला आला. पुण्यात जन्मलेले विल्सन जोन्स १९५८ साली कोलकात्यात हौशी बिलियर्ड्सचे जगज्जेते झाले, ते याच मापाच्या टेबलावर. असं टेबल घरी असावं असं वाटणं मी समजू शकतो. पण त्याच्या पोटात पावणेदोन-दोन इंच जाडीच्या पाच स्लेट असतात आणि एकेक स्लेट दीड-दोनशे किलोंची असते. सगळं टेबल सव्वा ते दीड टन. त्याला २२ बाय १६ फुटांची खोली आणि तळमजला हवा. वरच्या मजल्यावर न्यायचं तर स्ट्रक्चरल इंजिनिअरची लेखी संमती हवी. खोलायला आणि बसवायला बिलियर्ड्सच्या टेबलांवर हात बसलेलीच माणसं लागतात. गावच्या मंडळाने, एखाद्या शाळेने किंवा क्रीडा संस्थेने ते जरूर घ्यावं. घरासाठी सात-आठ फुटी पूल टेबल बरं.

दगड ओळखायचा कसा

आपल्याकडच्या टेबलांत खेळण्याच्या पृष्ठभागाखाली तीनपैकी एक वस्तू असते : स्लेट, संगमरवर किंवा लाकडी फळी, म्हणजे प्लाय वा एमडीएफ. विकणारा तिन्हींना ‘स्टोन’ म्हणू शकतो, त्यामुळे स्वतः पाहायचं.

स्लेट म्हणजे आपल्या शाळेतल्या पाटीचा दगड. इटलीत लिगुरियाच्या किनाऱ्यावर लवान्या नावाचं गाव आहे. तिथला हा दगड इतका नावाजलेला की इटालियन भाषेत वर्गातल्या फळ्यालाच ‘लवान्या’ म्हणतात. १८२६ च्या सुमारास लंडनच्या जॉन थर्स्टन यांनी टेबलांत लाकडाऐवजी स्लेट घालायला सुरुवात केली. त्याचं कारण आपल्या भागातल्या माणसाला समजावून सांगायला नको. लाकूड हवेतला ओलावा पितं, फुगतं, वाकतं. लंडनच्या दमट हवेत ते होत असेल, तर जून ते सप्टेंबर वसई-पालघरच्या पावसात लाकडी फळीचं काय होणार! एका शेतघरातलं एमडीएफचं टेबल मी दोन पावसाळ्यांनंतर पाहिलं. मधोमध सोडलेला चेंडू आपोआप कोपऱ्याच्या पॉकेटकडे चालायला लागायचा. त्याला दुरुस्ती नसते.

तपासायला बॅटरी घेऊन जा आणि कपड्यांची पर्वा न करता टेबलाखाली आडवे व्हा. खालून दगड दिसतो. स्लेट गडद राखाडी, मातकट चमकेची. कडेला पापुद्र्यांसारखे थर दिसतात. संगमरवराची फुटलेली कड साखरेच्या दाण्यासारखी चमकते. एमडीएफ तपकिरी आणि एकजीव दिसतं, नख रुततं. खालून सगळं प्लायने बंद केलेलं असेल तर पॉकेटच्या तोंडातून हात घालून कापडाच्या आतली कड चाचपा आणि नाण्याने ठोका. दगडाचा आवाज लपत नाही. संगमरवर वाईट नसतं, टेबल त्यावरही छान चालतं. पण किंमत ठरवताना त्याला स्लेटचा भाव देऊ नका.

मग दगड अखंड आहे की तीन तुकड्यांचा ते विचारा. आठ-नऊ फुटी टेबलांत सहसा तीन तुकडे असतात, आठ फुटीचा एकेक तुकडा ऐंशी-पंच्याऐंशी किलोंचा. सात फुटीत पुष्कळदा एकच अखंड स्लेट असते आणि ती दीडशे ते एकशे ऐंशी किलोंची भरते. अखंड स्लेटला जोड नसतो, लेव्हल काढणं सोपं जातं, हे खरं. पण ती लिफ्टमध्ये मावत नाही, अरुंद जिन्यात वळत नाही आणि चार जणांना एकाच वेळी उचलावी लागते. टेबल तिसऱ्या मजल्यावर असेल तर या एका गोष्टीवरून मी ते सोडून देईन.

तडा शोधायचा तर कापडावरून तळहात हलकेच फिरवा. डोळ्याला न दिसणारी पायरी हाताला लागते. तुकड्यांच्या सांध्यांवर लांब सरळ पट्टी उभी ठेवून खालून उजेड येतो का पाहा. सांधा थोडा वरखाली असणं हा दोष नव्हे, पुन्हा बसवताना तो जातो. सांधा सोडून भलत्याच ठिकाणी तिरकी रेघ लागली तर तो तडा.

कुशनचं रबर मात्र वयाने मरतं. एक चेंडू लांबीच्या दिशेने जोरात सोडा. तो तीन-साडेतीन लांब्या तरी गेला पाहिजे. दोन लांब्यांत दमला, किंवा कुशनला लागल्यावर लाकडावर आपटल्यासारखा ठक्क आवाज आला, की सहाही कुशनचं रबर बदलायचं म्हणून धरा. फ्रेमला नखाने टोकरा. बारीक भोकं, खाली पडलेला पिवळसर भुसा, मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी-भुंग्याचं टेबल आहे. कितीही स्वस्त मिळालं तरी ते घरात आणू नका, घरातली दारं-खिडक्याही जातील.

सौद्याआधी

जुन्या टेबलाची सांगितलेली किंमत हा खर्चाचा एक भाग झाला. खोलण्या-बसवण्याची मजुरी, गाडी आणि हमाली, नवं कापड, लागलं तर रबर, या चार आकड्यांची चौकशी बयाणा देण्याआधी करा. कापड नवं लागणारच असं समजून चला. पूल पार्लरमधलं कापड चॉकच्या भुकटीने आणि क्यूच्या टोकांनी जीर्ण झालेलं असतं आणि काढताना ते फाटतंही. सगळी बेरीज तशाच नव्या टेबलाच्या दोन-तृतीयांशाच्या वर गेली तर मी नको म्हणतो. नव्याबरोबर बसवणूक येते, काही बिघडलं तर विचारायला माणूस असतो.

टेबल कुठल्या मजल्यावर आहे, लिफ्ट किती मोठी आहे, सोसायटी सामान कुठल्या वेळेत बाहेर काढू देते, गाडी दारापर्यंत येते का, हे फोनवरच विचारा. बंद पडलेल्या पार्लरमधून घेत असाल तर आणखी एक गोष्ट : भाडं थकलं असेल तर जागामालक सामान अडवतो. पैसे देण्यापूर्वी जागामालकाशीही बोला. आणि साध्या कागदावर का होईना, टेबलाचं वर्णन, रक्कम, तारीख आणि दोघांच्या सह्या असलेली पावती घ्या. रस्त्यात कुणी थांबवलं तर तीच दाखवायची असते.

खोलताना

आमचं टेबल मीरा रोडच्या एका बंद होत असलेल्या पार्लरमधलं. आम्ही चौघं गेलो होतो, सोबत एक सुतार. कुशन निघाली, कापड निघालं, तीन स्लेट उघड्या पडल्या. दिसत होते तेवढे सगळे स्क्रू काढले आणि कडेची स्लेट उचलायला चौघांनी हात घातला. तीन कोपरे वर आले, चौथा आला नाही. एकाला वाटलं जुनं मेण धरून बसलं असेल, म्हणून त्याने हिसका दिला. कौल फुटावं तसा आवाज झाला आणि हाताएवढा कोपरा फ्रेमवरच राहिला. त्याच्या मधोमध, वरून पुट्टी लिंपून सपाट केलेला एक स्क्रू होता. पुट्टी दगडाच्याच रंगाची. आमच्या नजरेतून तो सुटला होता.

म्हणून हे नीट लक्षात ठेवा. बसवणारा मिस्त्री स्क्रूच्या डोक्यावर आणि सांध्यांवर मेण किंवा पुट्टी भरून पृष्ठभाग एकसारखा करतो. कापड निघाल्यावर आधी कडेकडेने आणि सांध्यांच्या दोन्ही बाजूंनी पटाशीने हलकेच खरवडा. सापडलेला प्रत्येक स्क्रू खडूने गोल करा. तीनही स्लेटवर स्क्रूची मांडणी सहसा एकसारखी असते. एकीवर चार आणि दुसरीवर तीनच सापडले तर चौथा लपलेला आहे असं समजा. आमचा कोपरा पुढे अरल्डाइटने जोडला. नशिबाने तो कुशनखाली येणारा भाग होता, म्हणून खेळात अडत नाही. मधला भाग असता तर स्लेट गेलीच होती.

क्रम असा ठेवा. सगळ्यात आधी फोटो, वरून, खालून, प्रत्येक कोपऱ्याचा. मग पॉकेट. जाळी किंवा चामडं कुठे खिळ्यांनी, कुठे स्क्रूने धरलेलं असतं, ते सोडवा. मग टेबलाखाली जाऊन कुशनचे बोल्ट पान्ह्याने काढा, प्रत्येक कुशनला साधारण तीन. शेवटचा बोल्ट काढताना वर कुणीतरी कुशन धरून उभं राहिलं पाहिजे. काढलेल्या प्रत्येक कुशनच्या पोटावर पेनाने नंबर लिहा आणि तोच नंबर फ्रेमवरही. बोल्ट, वायसर, स्क्रू वेगवेगळ्या पिशव्यांत, पिशवीवर चिठ्ठी. हे सगळं कंटाळवाणं वाटतं, पण त्याच्याशिवाय बसवताना अख्खा दिवस जातो.

कापड स्टेपल पिनांनी बसवलेलं असेल तर पिना एकेक काढा. राहिलेली अर्धी पीन नव्या कापडाखाली गाठीसारखी लागते. डिंकाने चिकटवलेलं असेल तर एका कोपऱ्यापासून सावकाश सोलत न्या, ब्लेडने दगड खरवडू नका.

स्लेटच्या सांध्यांत पुष्कळदा पितळी खुंट्या असतात, एका तुकड्याची खुंटी दुसऱ्याच्या भोकात. त्यामुळे तुकडा थेट वर उचलायचा नाही. आधी आडवा बाहेर सरकवायचा, चार बोटांची फट पडली की मग उचलायचा. सरकवण्याआधी तिन्ही तुकड्यांवर १, २, ३ आणि दिशेचा बाण खडूने काढा. हा क्रम बदलला तर सांधे पुन्हा जुळत नाहीत, कारण ते तीन तुकडे कारखान्यात एकमेकांसाठीच घासलेले असतात.

माणसं कुठून आणायची? चालू असलेल्या कुठल्याही पूल पार्लरमध्ये विचारा, त्यांचं कापड बदलायला येणारा मिस्त्री त्यांना माहीत असतो. तो मिळाला तर उत्तमच, दोघं जण दोन-तीन तासांत टेबल मोकळं करतात. नाही मिळाला तर स्वयंपाकघराचे ग्रॅनाइटचे ओटे बसवणारी माणसं बोलवा आणि जोडीला एक सुतार घ्या. ओटेवाल्यांना एक गोष्ट सांगावी लागत नाही : पातळ लांब दगड नेहमी उभा धरून न्यायचा. आडवा धरला की मधोमध स्वतःच्याच वजनाने तुटतो. हमाल कितीही ताकदीचा असला तरी स्लेट डोक्यावर घेऊ देऊ नका. दोघांनी दोन टोकांना, कड खाली, गुडघ्यात वाकून, हातात रबरी पकडीचे मोजे घालून उचलायची. जिन्यात खाली असलेल्या माणसावर जास्त भार येतो, तिथे तिसरा लावा. चपला घालून हे काम करू नका. ऐंशी किलोंची कड पायावर आली तर बोटं राहत नाहीत.

तीन तुकड्यांच्या आठ फुटी टेबलाची एक स्लेट साधारण पावणेपाच फूट बाय पावणेतीन फूट असते, ती उभी करून सोसायटीच्या लिफ्टमध्ये जाते. एका खेपेला एकच न्या. फ्रेमच्या लांब बाजू लिफ्टमध्ये मावणार नाहीत, त्या जिन्याने.

गाडी आणि रस्ता

छोटा हत्ती स्वस्त पडतो म्हणून लोक तोच बोलावतात. त्याचा हौदा सातेक फूट लांब असतो. आठ फुटी टेबलाची फ्रेम मागे लोंबते, मग ती दगडांवर चढवली जाते, आणि दगड तिथेच तडकतो. लांब हौद्याचा पिकअप घ्या. स्लेट हौद्यात उभ्या, कड खाली, लांबी गाडीच्या दिशेने, आणि केबिनच्या मागच्या जाळीलगत, बाजूच्या पत्र्याला किंचित टेकलेल्या असाव्यात. खाली जाड गादी किंवा दुपदरी गोणपाट, प्रत्येक दोन तुकड्यांमध्ये गोधडी, पुढेमागे लाकडी पाचरी आणि दोराने पक्कं बांधलेलं. गोधड्या घरून न्या, पाच-सहा तरी लागतात. फ्रेम, पाय, कुशन दुसऱ्या बाजूला, त्यांचा भार स्लेटवर येता कामा नये. आणि मागे स्लेटशेजारी माणूस बसवू नका. ब्रेक लागला आणि दोर सुटला तर तो माणूस त्या दगडाला थांबवू शकणार नाही.

मुंबई-मीरा रोडकडून येताना वसईच्या खाडीवरच्या पुलाआधी आणि घोडबंदरच्या वळणावर गाड्या तुंबतात, म्हणून पहाटे निघा. महामार्गापेक्षा मला शिरसाड फाट्यानंतरच्या रस्त्याची काळजी जास्त वाटते. चालकाला आधीच सांगून ठेवा की खड्डा दिसला की गाडी चालत्या माणसाच्या वेगाने घ्यायची. आम्ही त्या शेवटच्या टप्प्यात दोनदा थांबून दोर पुन्हा आवळले, आणि दोन्ही वेळा ते सैल झालेले निघाले.

हे काम पावसाळ्यात काढू नका. तानसा फुगली की पांढरतारा पुलावरून पाणी जातं, हे या भागातल्या सगळ्यांना माहीत आहे. पण रस्ता चालू असला तरी लाकूड भिजलेलं चालत नाही. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ सगळ्यात चांगला, लाकूडही कोरडं आणि कापडही ताणून नीट बसतं.

पुन्हा उभं करणं

फ्रेम आणि पाय जोडून झाले की स्लेट ठेवण्याआधीच फ्रेम लेव्हलमध्ये आणा. गवंडी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने लेव्हल काढतात, ती इथे उत्तम चालते. चारही कोपऱ्यांवर पाणी एका रेषेत आलं पाहिजे. पायाखाली पातळ पत्र्याच्या चकत्या देऊन ते साधा. खेळण्याचा पृष्ठभाग जमिनीपासून सव्वाएकोणतीस ते एकतीस इंचांच्या मध्ये येऊ द्या.

मग मधली स्लेट आधी, नंतर कडेच्या दोन्ही सरकवत खुंट्या बसवा. आता फूटभर लांबीची चांगली लेव्हल पट्टी लागते. दारं बसवताना सुतार वापरतात ती लहान पट्टी इतकी बारकाई दाखवत नाही. स्लेट आणि फ्रेम यांच्यामध्ये जिथे कमी पडेल तिथे पत्त्यांच्या कॅटमधली पानं सारा. जगभरचे टेबल बसवणारे हेच करतात, कारण पान पातळ आणि एकसारख्या जाडीचं असतं आणि दाबलं तरी फारसं चेपत नाही. सांध्यावरून नख फिरवा, ते अडता कामा नये. मग स्क्रू घट्ट करा आणि पुन्हा नख फिरवा, कारण स्क्रू पिळताना दगड हलतो. शेवटी सांध्यात वितळलेलं मेण ओता, थंड झालं की पटाशीने दगडाबरोबर सपाट करा. मेणाऐवजी गाडीच्या पत्र्याला लावतात ती पुट्टीही चालते. ती जास्त टिकते, पण पुढच्या वेळी खोलणं अवघड करते. मी मेणच वापरतो.

नवं कापड घेताना लोकरीचं, गुळगुळीत विणीचं घ्या. जुन्या जाड बनातीसारखं केसाळ कापड आपल्या दमट हवेत पाणी धरतं आणि चेंडू जड चालतो. कापड ताणण्याचं काम मात्र मिस्त्रीकडूनच करून घ्या, आधीचं सगळं तुम्ही केलं असेल तरी. इथे एक सुरकुती राहिली तर ती रोज दिसते. कुशन चढवून झाल्यावर त्यांच्या टोकाची उंची मोजा. सव्वादोन इंची पूलच्या चेंडूसाठी ती दगडापासून ३६ मिलिमीटरच्या आसपास हवी. कमी असली तर चेंडू उड्या मारतो, जास्त असली तर कुशनखाली दबतो.

मग एक चेंडू अगदी हळू, थांबत थांबत जाईल इतका हळू सोडून पाहा. आडवा, उभा, तिरका. शेवटच्या वीतभर अंतरात तो वळला तर त्या बाजूला पत्त्याचं एखादं पान अजून हवं आहे. पंधरा दिवसांनी हीच परीक्षा पुन्हा घ्या. दगड आणि फ्रेम एकमेकांवर बसायला तेवढा वेळ लागतोच. आमच्या टेबलाला त्या वेळी दोन पानं जास्तीची लागली. पावसाळ्यात खिडक्या बंद असताना टेबलावर सुती चादर ठेवा. प्लास्टिक टाकलं तर आत बुरशी धरते.

आणि एक काम राहू देऊ नका. कापड चढवण्याआधी, स्लेट अजून उघड्या आहेत तेवढ्यात, त्यांच्या कडेवर जिथे रंग टिकेल तिथे ऑइल पेंटने १, २, ३ आणि बाण काढा. एकूण स्क्रू किती आणि लपलेले कुठे, हे कागदावर लिहून फ्रेमच्या आतल्या बाजूला चिकटवा. दहा-पंधरा वर्षांनी हे टेबल पुन्हा कुणीतरी खोलणार आहे. तो माणूस तुमच्या ओळखीचा नसेल, पण कागद वाचून त्याच्या हातून कोपरा तुटणार नाही.